विश्लेषण : लाल म्हणजे सौभाग्य, मग आलवणही लाल का? साहित्यातले रंग वाचकाच्या मनावर काय करतात?

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद, काळा म्हणजे दुःख. रंगांच्या मानसशास्त्राचे असे तक्ते समाजमाध्यमांवर नेहमी फिरत असतात. भिंतीला कोणता रंग द्यावा इथपासून मुलाखतीला कोणता सदरा घालावा इथपर्यंतचे सल्ले त्यांच्या आधारे दिले जातात. शाळा-महाविद्यालयांत कविता शिकवतानाही आता हाच तक्ता पुढे येऊ लागला आहे : कवितेत पांढरा आला की पावित्र्य, काळा आला की मृत्यू. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतातही. मात्र मराठी साहित्याला हा तक्ता लावायला गेले की तो पहिल्याच रंगाला अडतो.

लाल रंगाचे नेमके काय होते?

मराठी घरात लाल म्हणजे कुंकू, म्हणजे सौभाग्य. पण ज्या जातींत विधवांचे केशवपन करण्याची रूढी होती, तिथे त्या विधवेला नेसायला दिले जाई ते आलवण, आणि आलवणही तांबडेच असे. बिनकाठाचे, जाडेभरडे लाल लुगडे, त्याचाच पदर वपन केलेल्या डोक्यावरून ओढलेला. कपाळावरचे बोटभर लाल पुसायचे आणि अंगभर लाल गुंडाळायचे, अशी ती क्रूर अदलाबदल होती.

आजच्या वाचकाला हे चटकन जाणवत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढची विधवा पांढऱ्या साडीतली आहे. ती उत्तर भारतातून आणि बंगालमधून, त्यातही मुख्यतः हिंदी चित्रपटांतून आलेली. त्यामुळे जुन्या मराठी कथा-कादंबरीत ‘लाल आलवणातली बाई ओसरीवर आली’ अशा अर्थाचे वाक्य आले, तर तो ते नुसते कपड्याचे वर्णन म्हणून वाचून पुढे जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या वाचकाला मात्र त्या दोन शब्दांत त्या बाईचे वय, तिचे घरातले स्थान, तिच्या वाट्याची जेवणाची वेळ आणि शुभकार्यातली तिची बंदी एवढे सगळे कळत असे. लेखकाला ते वेगळे सांगावे लागत नसे.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमुनेची ही कहाणी तिच्याच तोंडून येते आणि पतीच्या मृत्यूनंतर तिच्यावर लादलेल्या केशवपनापर्यंत जाते. ती वाचणाऱ्या तेव्हाच्या बाईला पुढे यमुनेच्या अंगावर कोणता रंग येणार हे ठाऊक होते, कारण तो तिच्या स्वतःच्या घरातल्या एखाद्या आत्याच्या किंवा मावशीच्या अंगावर होता. साहित्यातल्या रंगाची ताकद यातून येते. तो वाचकाच्या आठवणीत आधीच साठलेला असतो, लेखक तिथे फक्त बोट ठेवतो.

याचा एक गमतीदार पुरावा चित्रपटातच सापडतो. प्रभातचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ १९३७चा, म्हणजे कृष्णधवल. पडद्यावर शांता आपटे यांच्या कपाळीचे कुंकू प्रत्यक्षात काळपट दिसते. तरीही ते काळे होते असे कोणा मराठी प्रेक्षकाला वाटले नसेल. शीर्षकातल्या एका शब्दाने पडदा लाल करून टाकला होता.

शब्द वाचून रंगाचा परिणाम होतोच कसा?

डोळ्यांसमोर रंग नसतो, असतो तो काळ्या शाईतला किंवा फोनच्या पडद्यावरचा शब्द. तरीही मन त्याला प्रतिसाद देते. हे समजून घ्यायला जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९३५चा प्रयोग उपयोगी पडतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहून शाईचा रंग सांगा म्हटले, की माणूस अडखळतो. शाई हिरवी आहे हे दिसत असूनही वाचलेला शब्द आडवा येतो. साक्षर माणसाला समोरचा शब्द न वाचणे जवळजवळ अशक्य असते आणि शब्दाबरोबर त्याचा अर्थही डोक्यात शिरतोच. रंगाचे नाव पानावर टाकले की ते वाचकाच्या परवानगीची वाट पाहत नाही, एवढे या प्रयोगावरून म्हणता येते.

त्यापुढचे दावे जरा जपून घ्यायला हवेत. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या कैदखान्यात एका विशिष्ट गुलाबी रंगाच्या खोलीत ठेवलेले कैदी शांत होतात, असे सांगितले गेले. ‘बेकर-मिलर पिंक’ या नावाने तो रंग गाजला, अनेक तुरुंगांच्या भिंती गुलाबी झाल्या. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही. अमुक रंग पाहिला की सगळ्या माणसांच्या मनात अमुकच भावना उमटते, या समजुतीचा पाया असा कच्चा आहे.

शिवाय सगळे वाचक ‘पाहतात’ असेही नाही. मनात चित्र उमटतच नाही अशी माणसे असतात. २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेसिया’ हे नाव मिळाले. दुसऱ्या टोकाला व्लादिमीर नाबोकोव्हसारखा लेखक, ज्याला प्रत्येक अक्षराला स्वतःचा रंग दिसे आणि ज्याने आपल्या आत्मचरित्रात ते सविस्तर लिहून ठेवले आहे. दोघेही एकच कादंबरी वाचू शकतात आणि दोघांनाही ती भिडू शकते. तेव्हा रंगाचा शब्द चित्रापेक्षा काहीतरी जास्त काम करत असला पाहिजे.

मराठीत ही किमया कोणता शब्द करतो?

रंगाच्या नावापेक्षा त्याला चिकटलेले शेपूट! इंग्रजीत रंग गडद किंवा फिका करायला वेगळे विशेषण लावतात. मराठीने प्रत्येक रंगासाठी खास जोडशब्द घडवले आणि त्यात रंगाची छटा कमी, बोलणाऱ्याची भावना जास्त भरली.

पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत रंग एकच आहे. पण धुतलेले धोतर पांढरेशुभ्र, आणि वाईट बातमी ऐकलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक. हे दोन शब्द कोणी अदलाबदल करून वापरले तर मराठी कान लगेच टवकारतात. डोळे आणि केस काळेभोर, अमावास्येची रात्र काळीकुट्ट, कातळ काळाकभिन्न. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात भीती, तिसऱ्यात दरारा. रागावलेला चेहरा लालबुंद होतो, पण कोणाची साडी लालभडक म्हटली की त्यात नाक मुरडणे आलेच. हिरवेगार शेत पाहून जीव निवतो. तोच हिरवा ‘हिरवट’ झाला की समोर बायकांकडे टक लावून बघणारा म्हातारा उभा राहतो. पिवळेधमक सोने आणि पिवळट कागद यांच्यातला फरक तर लहान मुलालाही सांगावा लागत नाही.

म्हणजे तक्ता विचारतो ‘कोणता रंग?’ आणि मराठी विचारते ‘कोणाचा, कधी, आणि तुम्हाला तो कसा वाटला?’ कथा-कवितेतला रंग वाचताना दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठच ओळींची कविता याचे सर्वांत चांगले उदाहरण ठरावी. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना आयुष्य लाभले ते १८९० ते १९१८ एवढेच. या कवितेत घटना जवळपास नाहीत, आहे तो रंगांचा प्रवास. दोन्ही काठांवरचा हिरवा, मधल्या झऱ्यातला निळसर सावळा, पलीकडच्या शेतांचा पुन्हा हिरवा, त्यातून वाकडीतिकडी जाणारी पांढरी पायवाट. आणि ती पायवाट जिथे जाते तो डोह काळा. तिथे पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड.

कवितेत कोणीही घाबरलेले नाही. दुःखाचा शब्द नाही. तरीही मराठी समीक्षक या आठ ओळींवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत : हे निसर्गचित्र आहे, विरक्ती आहे की मृत्यूची चाहूल? वादाचे मूळ रंगांच्या क्रमात आहे. डोळा उजेडाकडून काळोखाकडे सरकत जातो आणि वाचकाला ते कळायच्या आत तो डोहाशी येऊन थांबतो. त्यातच कवीने त्या काळेपणाला भयाण न म्हणता चक्क गोडवा दिला आहे. तिथे ‘काळा = मृत्यू’ असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी कवितेतला गोडवा गमावतो, आणि ‘सुंदर निसर्गवर्णन’ लिहिणारा डोह गमावतो.

एखादा रंग जाच कसा होतो?

पिवळा आनंदाचा, असे तक्ता सांगतो. मराठी मनालाही ते पटते : हळद, जेजुरीचा भंडारा, झेंडू. पण शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकी लेखिकेने १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली आणि पिवळ्याला कायमचा काळिमा लावला.

कथेतली बाई नुकतीच बाळंत झालेली आणि खचलेली आहे. नवरा डॉक्टर. तो तिला हवापालटासाठी एका जुन्या घरात नेतो, वरच्या मजल्यावरची खिडक्यांना गज असलेली खोली देतो आणि विश्रांती सोडून सगळे बंद करतो. लिहिणेसुद्धा. खोलीच्या भिंतींवरचा कागद उन्हाने विटलेला, किळसवाणा पिवळा आहे. ती खोली बदलून मागते. नवरा हसून उडवून लावतो. मग दुसरे काहीच करायला नसल्याने ती त्या कागदाकडे बघत राहते. हळूहळू तिला नक्षीच्या मागे एक बाई दिसू लागते, वाकून सरपटणारी, बाहेर पडायला धडपडणारी. पुढे त्या पिवळ्याला वास येऊ लागतो. तो तिच्या कपड्यांना डाग पाडतो.

गिलमनने स्वतः हा उपचार भोगला होता. सायलस वेअर मिचेल या त्या काळच्या नामांकित डॉक्टरने तिला पडून राहायला आणि लेखणीला हात न लावायला सांगितले होते. कथेत त्याचे नावही येते. १९१३ मध्ये तिने आपल्या मासिकात ही कथा का लिहिली हेही सांगितले.

इथे रंग कशाचेही ‘प्रतीक’ म्हणून सुरू होत नाही, हे लक्षात घेण्याजोगे. सुरुवातीला तो फक्त भिंतीचा खराब कागद असतो. तिचे ऐकणारे कोणी नसल्यामुळे तिचे सगळे बोलणे त्या कागदात जाते. कावीळ झालेल्याला जग पिवळे दिसते, ही म्हण आपण दुसऱ्याला दोष देण्यासाठी वापरतो. गिलमनने ती म्हण न ऐकताच उलटी करून दाखवली : जग पिवळे करून ठेवा, माणूस आपोआप आजारी पडेल. आणि मराठीत ही कथा आणताना नुसते ‘पिवळा’ म्हणून भागत नाही. वाचकाच्या मनात हळद उमटली की कथा गेली. तिथे ‘पिवळट’ किंवा ‘पिवळाफटक’च हवा.

मग पांढरा तरी निर्धोक आहे का?

हर्मन मेलव्हिलने ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीतले बेचाळिसावे प्रकरण पूर्णच्या पूर्ण देवमाशाच्या पांढरेपणाला दिले आहे. पांढऱ्याला जोडलेल्या सगळ्या थोर गोष्टी तो आधी मोजतो आणि मग विचारतो, की तरीही हा रंग रक्तापेक्षा जास्त धडकी का भरवतो? त्याचे प्रेत, धुके, बर्फ हे दाखले मराठी वाचकाला थोडे लांबचे वाटतील. पण लग्न होऊन आलेल्या मुलीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणाऱ्या समाजाला पांढऱ्याचा धाक कोणी शिकवायला नको. घरात काही वाईट घडले की सारा दोष तिच्या पावलांवर. रंगाचे एक विशेषण आणि एका बाईचे आयुष्य उद्ध्वस्त, याची उदाहरणे मराठी कथेत आणि कथेबाहेरही पुष्कळ आहेत.

गावगाड्यात तर पांढरी आणि काळी ही रंगांची नावेच नव्हेत. पांढरी म्हणजे गावठाण, माणसांच्या वस्तीची जमीन. काळी म्हणजे पिकाची. शेतकऱ्याची ‘काळी आई’ असते. ग्रामीण कथेत काळ्या रंगाला मृत्यूचे चिन्ह ठरवणाऱ्या वाचकाने एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यात जाऊन यावे.

आपल्या परंपरेतही रंगांचा तक्ता होताच ना?

होता, आणि तो बराच जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण नेमून दिला आहे : हास्याला पांढरा, करुणाला पारव्याचा करडा, रौद्राला लाल, वीराला गौर, भयानकाला काळा, बीभत्साला निळा, अद्भुताला पिवळा. शृंगाराला मात्र लाल किंवा गुलाबी नाही, श्याम! संस्कृत काव्यात कीर्ती पांढरी आणि अपकीर्ती काळी मानण्याचा संकेतही होता; राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अशा कविसंकेतांची चर्चा केली आहे. फरक इतकाच, की हे संकेत आहेत हे त्या शास्त्रकारांना माहीत होते. निसर्गाचा किंवा मेंदूचा नियम म्हणून त्यांनी ते विकले नाहीत.

आणि तोडणारेही लगेच निघाले. वारकरी संतांच्या अभंगांत काळा हा सगळ्यात लाडका रंग आहे. सावळे रूप पाहावे, त्यात बुडावे, काळ्यानेच वेड लावावे, ही तिथली भाषा. त्यात आणखी एक गंमत. ‘पांडुर’ म्हणजे फिकट पांढरा, आणि सावळ्या विठ्ठलाचे नाव पांडुरंग. अभ्यासकांनी या नावाचा संबंध पंढरपूरच्या जुन्या कन्नड नावाशी जोडून दाखवला आहे. पण वाळवंटात टाळ वाजवणाऱ्याला त्या स्पष्टीकरणाची गरज कधी पडली नाही. काळ्या देवाला पांढऱ्या रंगाने हाक मारताना त्याची जीभ अडखळत नाही. त्याच समाजातल्या वधू-वरांच्या जाहिरातींत मात्र गोऱ्या रंगाची अट अजून सुटलेली नाही, ही बाब वेगळी आणि तितकीच खरी.

रंगाचा अर्थ नव्याने घडू शकतो का?

घडतो, आणि कधी कधी एखाद्या पिढीच्या डोळ्यांदेखत. गटे याच्या ‘वेर्थर’ (१७७४) कादंबरीतल्या दुःखी नायकाचा निळा कोट आणि पिवळी बंडी युरोपातल्या तरुणांनी अंगावर चढवली. पुस्तकातला रंग रस्त्यावर आला. स्कॉट फिट्झगेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’त (१९२५) खाडीपलीकडे लुकलुकणारा हिरवा दिवा आधी प्रेयसीचा ठावठिकाणा असतो आणि ती भेटल्यावर पुन्हा नुसता दिवा उरतो.

महाराष्ट्रात हे निळ्याच्या बाबतीत घडले. जुन्या कवितेत निळा आकाशाचा, यमुनेचा, कृष्णाचा. विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीच्या झेंड्याचा तो रंग झाला आणि भीमजयंतीच्या मिरवणुकांतून, शाहिरांच्या गाण्यांतून, मग कवितांतून वाढत गेला. आता एका घरातल्या वाचकाला कवितेतला ‘निळा’ मोरपीस आठवून देतो आणि दुसऱ्या घरातल्या वाचकाला चैत्यभूमीकडे निघालेली गर्दी. दोघेही बरोबर असू शकतात; कविता कोणाची आणि कोणत्या वस्तीत उभी आहे यावर ते ठरते. समीक्षक रा. ग. जाधव यांनी दलित साहित्याचा विचार मांडणाऱ्या आपल्या पुस्तकांना ‘निळी पहाट’, ‘निळे पाणी’, ‘निळी क्षितिजे’ अशी नावे दिली. हे निळेपण कुठले, याचा खुलासा मुखपृष्ठावर छापावा लागला नाही.